चंद्रावरचं घोडपदेव

जगदीश हिवाळेचा आवाज घोडपदेवात सगळ्यांच्या ओळखीचा होता. नाताळच्या दिवशी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधला पाठ वाचायचा तो जगदीशने. चाळीच्या क्रिकेटच्या सामन्यांचं धावतं वर्णन करायचं ते जगदीशने. लालबागच्या छापखान्यात तो कामाला होता. तिथे दिवसभर यंत्रांचा खडखडाट चाले, पण मालकाला कुणाला बोलवायचं असलं की मालक फक्त जगदीशकडे बघत. जगदीश एकदाच हाक मारी. यंत्रं थांबवायची वेळ येत नसे. संध्याकाळी कामगारांच्या नाट्यस्पर्धा, मध्येच कधी रेडिओवरच्या श्रुतिका. त्याने राजे केले, फौजदार केले, एकदा तर वडाच्या झाडावरचं भूत केलं, आणि त्या भुताने डिलाईल रोडवरच्या एका म्हातारीला रात्रभर जागं ठेवलं, असं तिचा मुलगा पुढे कित्येक वर्षं हसत हसत सांगायचा.

मग मागच्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, एका सकाळी दाढी करताना जगदीशच्या हातातून ब्रश पडला. तो उचलायला वाकला तो तिथेच कलंडला.

जीव वाचला. पाय सुधारला, उजवा हात थोडा लुळा राहिला. गेलं ते बोलणं. समजत सगळं होतं. कोण काय म्हणतंय, पेपरात काय छापून आलंय, विनोद कुठे झाला, सगळं. डोक्यात वाक्यही आखीव तयार असे. पण तोंडापर्यंत येता येता त्याचे तुकडे होत. पाणी मागायला जावं तर 'पेरू' बाहेर येई. 'हो' म्हणायचं तिथे 'नाही' निघून जाई आणि ताटात नको असलेली भाजी पडे. लोक वाईट नव्हते. उलट फार चांगले होते. जगदीशने वाक्य सुरू केलं की पुढचं तेच पुरं करून टाकत. वाक्य आपण सुरू करायचं आणि संपवायचं दुसऱ्याने, याचा त्याला इतका वीट आला की हळूहळू त्याने सुरू करणंच सोडलं. देवळातही तो मागच्या बाकावर बसू लागला.

त्याची मुलगी आकांक्षा एका कंपनीत सिनेमांचे संवाद मराठीत आणायचं काम करायची. स्वतःचं लिहायची ते सुट्टीच्या दिवशी. त्या वर्षी तिने एक श्रुतिका लिहिली आणि दादरच्या एका महोत्सवात ती निवडली गेली. महोत्सव जरा वेगळा होता. प्रेक्षागृहात पूर्ण अंधार करायचा, नट काळ्या पडद्यामागे माइकसमोर उभे राहणार आणि लोकांनी नाटक फक्त ऐकायचं. प्रयोग नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी, दुपारी.

नाटक पुढच्या शतकातलं होतं. चंद्रावर माणसांची वस्ती झालेली आहे आणि मुंबईहून गेलेल्या लोकांनी तिथल्या एका गल्लीला घोडपदेव नाव दिलेलं आहे. त्या गल्लीत एक कुटुंब नाताळसाठी जमलंय. करंज्या तळायला घेतल्या तर त्या कढईतून उड्या मारताहेत, कारण चंद्रावर कशालाच वजन नाही म्हणावं इतकं कमी. सगळे वाट बघताहेत आबांची. आबा मंगळावरून मालवाहू यान घेऊन येताहेत. एवढ्यात निरोप येतो, की आबांच्या यानातली वाट दाखवणारी यंत्रणा बंद पडली आहे. रेडिओ तेवढा चालू आहे. यान कुठे आहे हे खाली कळणार ते फक्त आबांच्या आवाजावरून. आबा बोलत राहिले तर पडद्यावरचा ठिपका दिसत राहील आणि यान सुखरूप उतरवता येईल. आबा गप्प झाले, की ठिपका विझला.

नाताळच्या दिवशी उपासना आटोपून सगळे हिवाळे जगदीशच्या दोन खोल्यांत जमले. गॅलरीत कागदाची चांदणी लावली होती. जगदीशची बायको दर्शना पहाटेपासून मटणाच्या मागे होती. प्रभादेवीहून त्याची थोरली बहीण बकुळाताई अनारशांचा डबा घेऊन आली होती. "जय ख्रिस्त, जय ख्रिस्त" करत माणसं दाराशी चपलांचा ढीग रचत होती. दर्शनाच्या बहिणीचा मुलगा विनीत लॅपटॉप आणि दोन स्पीकर घेऊन आला. तो मालिकांच्या आवाजाचं काम करायचा.

जेवणं झाल्यावर आकांक्षा मधोमध उभी राहिली. "सगळ्यांनी डोळे मिटा. पप्पा, ही तुमच्यासाठी नाताळची भेट आहे."

विनीतने बटण दाबलं.

"पोरांनो, दार उघडं ठेवा. मी येतोय. मंगळाची धूळ अजून बुटाला आहे, पण मी येतोय."

जगदीशचा हात आपोआप स्वतःच्या ओठांकडे गेला. क्षणभर त्याला वाटलं, आपणच बोललो. तोच खर्ज, 'येतोय'मधल्या 'य'वर तोच किंचित हेल. त्याच्या जुन्या कॅसेटी विनीतने संगणकाला ऐकवल्या होत्या आणि संगणकाने तो आवाज शिकून घेतला होता. आता त्याला काहीही लिहून द्यावं, तो जगदीश हिवाळे होऊन बोलायला तयार होता. सबंध खोली ऐकत होती. दोन वाक्यांच्या मध्ये तो आवाज श्वासही घेत होता, अगदी जगदीश घ्यायचा तसा, आणि श्वास घ्यायला तिथे छातीच नव्हती.

बकुळाताईने पदर तोंडाला लावला. "जगू! माझा जगू बोलला गं!"

सगळ्यांचे डोळे पाणावले होते आणि सगळ्यांचे चेहरे त्या स्पीकरकडे होते. जगदीशकडे कुणीच बघत नव्हतं. तो खुर्चीचा हात धरून उठला, टेबलापाशी गेला आणि त्याने लॅपटॉप मिटला.

"चोर," तो म्हणाला.

दर्शना घाईघाईने म्हणाली, "त्यांना दुसरंच काहीतरी म्हणायचं असेल. शब्द चुकतो त्यांचा."

जगदीशने मान हलवली. वर्षभरात पहिल्यांदाच त्याचा शब्द चुकला नव्हता.

आकांक्षा गॅलरीत निघून गेली. पाहुणे पांगेपर्यंत ती आत आली नाही. संध्याकाळी जगदीशच तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. ती रस्त्याकडे बघत बोलू लागली.

"हॉस्पिटलात काचेच्या बाहेर बसले होते ना मी, तेव्हा मनात एकच चालू होतं. बोलत राहा, पप्पा, बोलत राहा. हे नाटक त्यातूनच आलं. आबा तुम्हीच आहात. मग ते काम दुसऱ्या कुणाला देऊ? मला तुमचा आवाज परत हवा होता. चोरायचा नव्हता."

जगदीशने तिच्या पाठीवर डावा हात ठेवला. मग तोच हात उचलून स्वतःच्या छातीवर आपटला.

"मी."

"काय, पप्पा?"

"मी... क... कर... करणार."

आकांक्षाने वळून बघितलं. "पप्पा, लाइव्ह आहे. लोकांसमोर. आबांना सारखं बोलायचंय. तुम्ही थांबलात तर यान पडतं."

जगदीशच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. तो शब्द जुळवत राहिला, आणि आकांक्षाने, बहुधा पहिल्यांदाच, त्याचं वाक्य स्वतः पुरं केलं नाही. ती थांबून राहिली.

"प... पडणार... नाही," जगदीश म्हणाला.

विनीतला हे पटणं कठीण होतं. "काका, तुमचा मान ठेवून बोलतो, पण तिथे रिटेक नाही. आकांक्षाने किती महिने घालवलेत यात. अडकलात तर सगळंच झोपेल."

शेवटी दर्शनाने मार्ग काढला. "अहो, दोरीवरून चालणाऱ्याच्या खाली जाळी असतेच की. ह्यांना करू दे. विनीत, तू तो मशिनचा आवाज तयार ठेव. अडलंच तर लाव."

जगदीशने तोंड वाकडं केलं, पण होकार दिला. या वेळी 'हो' म्हणताना खरंच 'हो' बाहेर आलं.

परळला दीपिका मॅडम म्हणून वाचा-उपचार करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी त्याला आधीच सांगितलं होतं, की बोलता येत नसेल ते चालीवर म्हणा, डाव्या हाताने ठेका धरा, गाण्याची वाट डोक्यात वेगळी असते. जगदीशला ते पोरकट वाटलं होतं. साठी उलटलेल्या माणसाने पाळण्यातल्या बाळासारखं टाळ्या वाजवत 'पा-णी, पा-णी' म्हणायचं? त्याने जाणं बंद केलं होतं. आता तो आपणहून त्यांच्या दारात उभा राहिला. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "बसा," म्हणाल्या, "सुरू करू."

सकाळी तो चाळीच्या गच्चीवर जाई आणि पाण्याच्या टाकीवर ठेका धरून आबांची वाक्यं घोटी. चाल त्याला सापडली ती आईच्या ओवीची. आई नगरकडची. मुंबईत आल्यावर जातं राहिलं नव्हतं, पण नाताळात करंज्या लाटताना ती जात्यावरचीच ओवी गुणगुणायची. त्या चालीवर शब्द ठेवला की तो घसरत नसे. दर्शना कपडे वाळत घालता घालता दुसऱ्या पात्रांची वाक्यं म्हणे, आणि जगदीश उत्तर देई, अडखळत, घाम पुसत.

आकांक्षा रोज रात्री नाटक सोपं करून आणायची. जोडाक्षरं काढ, लांब वाक्यं तोड. एका सकाळी तिने 'गुरुत्वाकर्षण' हा शब्द खोडला आणि तिथे 'ओढ' लिहिलं. जगदीशने कागद बघितला. त्याने तिच्या हातातलं पेन घेतलं आणि डाव्या हाताने, वेड्यावाकड्या रेघांनी, 'ओढ' खोडून टाकलं.

"पप्पा, हा शब्द मलापण नीट येत नाही हो."

"ठेव," जगदीश म्हणाला.

त्या शब्दाने त्याचा जीव खाल्ला. गुरुत्व यायचं तर आकर्षण पळायचं. आकर्षण आलं तर पुढे 'गुलकंद' चिकटायचा. गच्चीवर टाकी घुमत राहिली. शेजारचा धनेश टीव्हीचा आवाज वाढवू लागला. आणि एके सकाळी, खालच्या मजल्यावर लोक दात घासत असताना, वरून खणखणीत आलं,

"गु-रु-त्वा-क-र्षण!"

मग पुन्हा, ठेका न धरता, सलग, "गुरुत्वाकर्षण!" खालून धनेशने ब्रश तोंडातच ठेवून टाळ्या वाजवल्या. दर्शनाच्या हातातली चादर टाकीत पडली. जगदीश टाकीला टेकून हसत होता आणि हसताना त्याला धाप लागली होती.

पहिला रविवार आला. दादरचं ते प्रेक्षागृह लहानसं होतं, पण भरलेलं. देवळातली माणसं आली होती, छापखान्यातले दोघं-तिघं आले होते, बाकी सगळे अनोळखी. काळ्या पडद्यामागे मंद निळा दिवा तेवढा होता. आकांक्षा आबांच्या मुलीचं काम करत होती. दर्शनाकडे आवाज काढायचं काम होतं. तिच्यापुढे परात, बाटल्या, तांदळाची पिशवी, टिश्यूचा कागद असं सगळं मांडून ठेवलं होतं. विनीत लॅपटॉपपाशी बसला होता, एक बोट बटणावर ठेवून. जगदीशने नाताळचा नवा शर्ट घातला होता. तिसरी घंटा झाली तशी त्याने त्याची वरची गुंडी सोडली. पूर्वीही सोडायचा.

अंधार झाला. करंज्या कढईतून उडाल्या आणि लोक खळखळून हसले. मग निरोप आला, यंत्रणा बंद पडल्याचा, आणि हसू ओसरलं. दर्शनाने कागद माइकजवळ चुरगाळला. रेडिओची खरखर सुरू झाली.

"पोरां... नो," जगदीश म्हणाला. "ऐ... ऐकू येतंय?"

प्रेक्षागृहात कुणीतरी श्वास आत ओढला. तो आवाज तुटका होता, जड होता, प्रत्येक शब्द लांबून ओढून आणल्यासारखा येत होता. खरंच तो कोट्यवधी मैलांवरून येत असावा असं वाटत होतं. आबा मंगळावरच्या लाल सकाळीबद्दल बोलले. बायकोच्या हातच्या रश्श्याबद्दल बोलले. आकांक्षा त्यांना बोलतं ठेवत होती. "ठिपका दिसतोय, आबा. बोलत राहा." जगदीशचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता. सगळं नीट चाललं होतं.

आणि मग शेवटच्या वळणावर तो अडकला. तेही कुठल्या अवघड शब्दावर नाही. 'दार उघडं ठेवा.' त्यातल्या 'दार'वर.

"द..." जगदीश म्हणाला. "द..."

पुढे काहीच नाही. शब्द होता तिथून नाहीसा झाला होता. दाराला काय म्हणतात? त्याला दार दिसत होतं, चाळीचं, हिरवं, कडी लावलेलं. नाव सापडत नव्हतं. चालही सुटली. मांडीवरचा हात थांबला.

"आबा?" आकांक्षा म्हणाली. हे नाटकात होतं. "आबा, बोला." हेही होतं. मग तिच्याकडची वाक्यं संपली. तिचा स्वर खाली आला. "आबा, तुमचा ठिपका विझतोय."

दर्शना कागद चुरगाळायची विसरली. खरखरही थांबली. प्रेक्षागृहात खोकलासुद्धा ऐकू येईना. त्या काळोखात सगळे वर, छताकडे, आकाशाकडे कान लावून बसले होते. आणि मागच्या कुठल्यातरी रांगेतून एका अनोळखी बाईचा आवाज आला, रडवेला, न राहवून आलेला.

"बोला हो, आबा!"

"बोला, आबा," दुसरं कुणीतरी म्हणालं. मग एक म्हातारा. मग आणखी कुणी.

जगदीशने बाजूला बघितलं. निळ्या उजेडात विनीतचं बोट अजून बटणावरच होतं. एक बटण, की तो दुसरा जगदीश न अडखळता सगळं बोलून मोकळा होणार. विनीत आकांक्षाकडे बघत होता, होकारासाठी. आकांक्षा जगदीशकडे बघत होती. जगदीशने हात लांब केला आणि लॅपटॉप हळूच मिटला. विनीतने बोट काढून घेतलं.

मग जगदीशने माइकच्या स्टँडवर टिचकी मारली. एक. पुन्हा एक. प्रेक्षागृहात तो आवाज असा घुमला, की कुणीतरी यानाच्या पत्र्यावर आतून ठोकतंय. ठेका लागला. ठेक्यावर ओवी आली, आधी नुसती गुणगुण, तोंड मिटून. आणि गुणगुणीवर बसून शब्द आले.

"दा-र... उघडं... ठेवा गं... मी... येतो..."

तो गात होता. नाटकात गाणं नव्हतं. आकांक्षाचा हात तोंडावर गेला, पण ती लगेच सावरली. "ठिपका दिसतोय!" ती ओरडली. "आबा, दिसताय तुम्ही!" प्रेक्षागृहात टाळी पडली, आणि टाळी वाजवणाऱ्याला शेजाऱ्याने 'शू' केलं, कारण आबा अजून उतरले नव्हते.

आता त्याला कुणी थांबवू शकत नव्हतं. वाक्यामागून वाक्य येत होतं, काही चालीवर, काही नुसतं. एक शब्द चुकला, त्याने तो टाकून दिला आणि दुसरा घेतला. "वेग कमी... करतोय. लागलं मला... तुमचं... गुरुत्वाकर्षण." तो शब्द त्याने न थांबता, पूर्वीच्या खर्जात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. देवळातली माणसं त्या खर्जाला ओळखत होती. बकुळाताईचा हुंदका पडद्यामागेही ऐकू आला.

दर्शनाने तांदळाची पिशवी परातीत सोडली. धप्प. यान उतरलं.

दिवे लागायच्या आधीच लोक उभे राहिले होते. पडदा सरकला तेव्हा अनोळखी माणसं पुढे येऊन बघत होती, की हा आबा कोण. छापखान्यातला एक जण खुर्चीवर चढून शिट्ट्या मारत होता. आकांक्षा जगदीशच्या गळ्यात पडली आणि विनीत त्याच्या पायाशी वाकला. जगदीशने त्याला मध्येच धरून उभं केलं.

"चोर... नाही," त्याला तो म्हणाला. विनीत रडता रडता हसला.

परीक्षकांनी नाटकाला दुसरा क्रमांक दिला. आवाजासाठीचं पारितोषिक मात्र जगदीश हिवाळेला. संयोजक अवधूत नावाचा उमदा तरुण होता. त्याने जगदीशच्या हातात ढाल दिली, आणि माइक अगदी आदराने आकांक्षापुढे धरला. "वडिलांच्या वतीने मुलीने दोन शब्द बोलावेत."

आकांक्षाने माइक घेतला आणि जगदीशकडे दिला.

जगदीश समोर बघत राहिला. पूर्ण उजेडात, भरलेल्या प्रेक्षागृहापुढे, लिहिलेलं काहीही नसताना.

"मी... बोलणार," तो म्हणाला. "वेळ... लागेल." लोक हसले. त्याने डावा हात खाली केला. "बसा."

सगळे बसले. आणि जगदीश बोलू लागला. रेडिओवरच्या पहिल्या श्रुतिकेबद्दल, आईबद्दल, दीपिका मॅडमबद्दल. नावांपाशी तो थांबे, नाव शोधून आणी, मग पुढे जाई. कुणी त्याचं वाक्य पुरं केलं नाही. अवधूतने एकदा घड्याळ बघितलं आणि हात पाठीमागे घेतला. पुढच्या प्रयोगाची माणसं दाराशी येऊन थांबली होती. दर्शना उठली, त्यांना आत घेऊन आली आणि पायऱ्यांवर जागा करून देत म्हणाली, "बसा ना. आत्ता कुठे सुरू झालंय."